दुसऱ्या वाचकाची सही

संस्थेने आपल्या वाटचालीचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्याची प्रत मला आसनगावच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पहिल्या पानावर दुर्बिणीच्या घुमटामागे मावळणारा सूर्य. त्यात माझाही फोटो आहे, केस काळे होते तेव्हाचा. खाली छापलंय, क्वासार सर्वेक्षणाच्या आपल्या गटाचे मार्गदर्शक. आणि त्याच पानावर, माझ्या फोटोपासून चार बोटं खाली, असं वाक्य आहे की मुरबाड केंद्रातल्या अननुभवी ग्रामीण वाचकांच्या निष्काळजीपणामुळे काही क्वासारांची अंतरं चुकीची नोंदली गेली, आणि संस्थेने ती चूक वेळीच सुधारली.

मी पुस्तक असं आपटलं की आतून बायको धावत आली.

"पडलात का काय?"

"पडलो नाही. वाचतोय."

"मग हळू वाचा," ती म्हणाली आणि परत आत गेली.

हळू वाचूनही ते वाक्य तसंच राहिलं. अननुभवी म्हणे. त्या मुलींनी दीड-दोन वर्षांत जेवढे वर्णपट डोळ्यांखालून घातले, तेवढे हे पुस्तक लिहिणाऱ्याने जन्मात पाहिले नसतील. ग्रामीण तर मीही आहे. माझा जन्म मुरबाड तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावातला, वडील नागली आणि भात करायचे, पण मला कुणी 'ग्रामीण मार्गदर्शक' म्हणून छापलं नाही. आणि वेळीच सुधारली हे तर निव्वळ निर्लज्जपणाचं. परदेशातल्या लोकांनी जगासमोर दाखवून दिल्यावर सुधारली.

हे जुनं दुखणं म्हणून मी कदाचित गिळलंही असतं. आजवर गिळलंच होतं. पण पुस्तक आलं त्याच आठवड्यात संस्थेच्या समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. हे अध्यक्ष एके काळी माझे विद्यार्थी. पुस्तक कसं वाटलं हे विचारून झाल्यावर हसत हसत म्हणाले, "सर, तुमच्या त्या मुरबाडच्या बाई परत अर्ज घेऊन आल्यात बरं का. नव्या सर्वेक्षणाचं वाचन शहापूरला द्या म्हणतात. त्यांच्या कॉलेजच्या मुली आहेत म्हणे. आम्ही पुस्तकातलं तेच वाक्य दाखवून अर्ज परत केला. छापील आहे, काही बोलायची सोयच नाही."

म्हणजे ते वाक्य नुसतं पडून नव्हतं. ते एका बाईच्या वाटेवर आडवं घातलेलं होतं. ती वाट अडवायला जे लाकूड वापरलं होतं ते माझ्या अंगणातलं होतं. म्हणून हे लिहितोय.

आधी काम काय होतं ते सांगतो, नाहीतर राग कशाचा ते कळायचं नाही.

आकाशाच्या फोटोत क्वासार साध्या ताऱ्यासारखा दिसतो. एक ठिपका. प्रत्यक्षात तो कुठल्या तरी फार दूरच्या दीर्घिकेचा गाभा असतो. तिथल्या प्रचंड कृष्णविवराभोवती वायू गरगरतो, तापतो, आणि त्याचा उजेड अब्जावधी वर्षं चालून आपल्यापर्यंत येतो. ठिपका बघून तारा कोणता आणि क्वासार कोणता हे कळत नाही. म्हणून त्या उजेडाचे रंग सुटे करायचे आणि कोणत्या रंगाचा उजेड किती, याचा आलेख काढायचा. हा वर्णपट. क्वासारच्या वर्णपटात रुंद उंचवटे असतात, कुठला हायड्रोजनचा, कुठला कार्बनचा, कुठला मॅग्नेशियमचा. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे वाटेत उजेड ताणला जातो आणि हे सगळे उंचवटे मूळ जागेवरून लाल टोकाकडे सरकतात. किती सरकले, त्याला ताम्रसृती म्हणतात. ती सापडली की क्वासार किती दूर ते सापडलं.

मोठ्या सर्वेक्षणात असे लाखो वर्णपट जमतात. बहुतेकांची उत्तरं संगणक देतो. पण उजेड अंधुक असला, आलेखात खरखर असली की संगणक चाचपडतो. एकच उंचवटा दिसतोय, तो हायड्रोजनचा की मॅग्नेशियमचा? एक मानलं तर क्वासार विश्वाच्या पार पल्याडचा, दुसरं मानलं तर बराच अलीकडचा. तिथे माणसाची नजर लागते. लोकांना वाटतं हे काम रात्री दुर्बिणीला डोळा लावून होतं. आमचं व्हायचं दुपारी, पंख्याखाली, मुरबाडच्या कॉलेजात, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत. विज्ञानाची पदवी घेतलेल्या चार मुली होत्या. केंद्र मीच काढलं होतं. माझ्या तालुक्यातल्या मुलींना हे काम मिळावं म्हणून मी संस्थेत भांडलो होतो, आणि त्याचा मला अभिमान होता, तोही खोटा नव्हता.

त्यांना शिकवायला मी बाजारातून इलास्टिक आणलं. ते टेबलावर ठेवल्याबरोबर चौघी तोंडावर हात धरून हसायला लागल्या.

"सर, हे तर चड्डीचं इलास्टिक!" त्यांच्यातली एक म्हणाली. ती धसईची होती. बोलायला सगळ्यांत पुढे.

"आजपासून हे विश्व आहे," मी म्हणालो.

एक टोक भिंतीतल्या खिळ्याला बांधलं. पट्टीवर पेनने टिंबं काढली, हे हायड्रोजन, हे कार्बन, हे दुसरं कार्बन, हे मॅग्नेशियम. पट्टी ताणली. टिंबं एकमेकांपासून लांब गेली. पण खिळ्यापासून मोजलं तर कार्बनचं टिंब हायड्रोजनच्या टिंबाच्या जितके पट लांब होतं, ताणल्यावरही तितकेच पट. कितीही ताणा, पट बदलत नाहीत. दोन उंचवटे दिसले की त्यांचे पट काढायचे, ते ज्या जोडीशी जुळतील ती जोडी खरी. एवढं धरून ठेवलंत तर कुणी तुम्हाला फसवू शकणार नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. स्वतःच्या तोंडाने.

कामाचा नियम असा होता की प्रत्येक अवघड वर्णपट दोघांनी वाचायचा, एकमेकांचं उत्तर न बघता. दोन्ही उत्तरं जुळली तर ठीक, नाहीतर तिसऱ्याकडे. नियम साधा आहे, आणि साऱ्या कामाची इभ्रत त्याच्यावर आहे. दोन माणसं एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी पोचली तर ते ठिकाण बहुधा असतं.

यादी प्रसिद्ध करायची तारीख जवळ आली आणि ढीग उपसेना. वीज जायची, इन्व्हर्टर दम टाकायचा. संस्थेतून रोज फोन. मग मी एक सोय केली. वर्णपट आधी मी एकटा भराभर वाचायचो आणि माझं उत्तर नोंदवून ठेवायचो. मुलींनी ते उघडलं की माझं उत्तर पडद्यावर दिसायचं. त्यांनी फक्त बघायचं आणि 'मान्य' दाबायचं. मी त्यांना म्हणालो, चुकलं असेल तर बदला. अगदी मनापासून म्हणालो.

आता, आमच्याकडे शाळा जिने पाहिली आहे तिला विचारा. सरांनी फळ्यावर गणित चुकवलं तरी वर्ग ते तसंच उतरवून घेतो. एखादीला कळलंच तर ती शेजारणीच्या कानात सांगते, सरांना नाही. सरांचा पाणउतारा कोण करणार? ह्या मुली त्याच शाळांतून आल्या होत्या. मीही आलो होतो. मला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पट्टीचे पट शिकवणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये? माझ्या उत्तरांना धडाधड 'मान्य' मिळत गेलं आणि मला वाटलं, वा, आपली नजर अजून शाबूत आहे!

एकदा मात्र धसईची अडली.

"सर, हा जरा बघता का?"

"काय आहे?"

"तुम्ही दोन्ही उंचवटे कार्बनचे लिहिलेत. पण पट जुळत नाहीत."

"कार्बनची ती रेषा कधी कधी निळ्या बाजूला घसरते. क्वासारमधून वायू आपल्या दिशेने सुटलेला असतो. शिकवलंय ना मी?"

"शिकवलंय सर. पण एवढी घसरते?"

तिच्या शेजारची मुलगी दप्तर आवरत होती. ती म्हणाली, "अगो, सरांनी लिवलंय ना! दाब की. धसईची गाडी सुटंल, मग बसशील स्टँडवर शेंगा खात."

"तू जा गो. सर, हा डावीकडचा उंचवटा हायड्रोजनचा असला तर? मग उजवीकडचा कार्बन. मग पट बरोब्बर बसतात."

मी पाहिलं. डावीकडचा उंचवटा आलेखाच्या अगदी जांभळ्या टोकाला होता, तिथे नुसती खरखर. हायड्रोजनचा असता तर त्याच्या डावीकडचा उजेड वाटेतल्या वायूने खाल्लेला दिसायला हवा होता. खरखरीत ते दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणजे नाही, असं मी धरलं. असे वर्णपट आणखी होते, आणि ती म्हणते तसं असेल तर ते सगळे परत काढायला लागले असते.

"होऊन जाऊ दे आता," मी म्हणालो. "ढीग बघतेस ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि 'मान्य' दाबलं. मग त्या जातीचे जवळजवळ सगळेच तिच्याच हातून दाबले गेले.

ज्या क्वासारांना मी जवळचे ठरवलं ते खरं तर कितीतरी दूर होते. अंतरांचा आलेख काढला की एका ठिकाणी, जिथे काहीच नसायला हवं, तिथे टेंगूळ दिसायला लागलं. परदेशात कुणी तरी त्या टेंगळाला विश्वाच्या इतिहासातली खास घटना समजून लेख लिहिला. दुसऱ्या एका गटाने मूळ वर्णपट परत उघडले, पट काढले, आणि त्या टेंगळात आमच्या यादीशिवाय काही नाही हे दाखवलं. भर परिषदेत.

मग संस्थेत बैठक झाली. यादीत प्रत्येक उत्तरापुढे शेवटच्या वाचकाची सही असते. पहिल्याचं नाव त्याखाली दबून जातं, यादी तशीच बनवलेली होती. त्यामुळे चुकलेल्या बहुतेक क्वासारांपुढे एकच नाव होतं. एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारलं, "ही कोण?"

"धसईची. मुरबाडच्या पुढे," मी सांगितलं.

"आडनाव काय म्हणालात?"

कुणी तरी आडनाव वाचलं. त्यावर कुणी काही बोललं नाही. टेबलाभोवती जी शांतता पसरली तिचा अर्थ मला समजला. तिथे बसलेल्या प्रत्येकाला समजला. "मग बरोबर," ते गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी फाईल मिटली. जणू आडनावातून ताम्रसृती निघते! तेवढ्यात चहा आला. मी बोललो नाही. मी चहा प्यायलो. तालुका तोच, आडनाव वेगळं, एवढ्यावर मी त्या टेबलाच्या ह्या बाजूला होतो.

केंद्र बंद झालं. संगणक टेम्पोत घालून नेले. धसईच्या मुलीला संशोधनासाठी संस्थेत घ्यायचं बोलणं चाललं होतं, ते तिथेच थांबलं. तिने बी. एड. केलं, नंतर शहापूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागली. मला निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं मिळाली. भाषणात मुरबाड केंद्राचा उल्लेख 'सरांचं ग्रामीण भागावरचं प्रेम' असा झाला. टाळ्याही पडल्या.

अध्यक्षांचा फोन झाल्यावर दोन दिवस मी घरात भांडत होतो, माणसांशी नाही, भांड्यांशी, दाराच्या कडीशी, आकाशवाणीशी. शेवटी बायको म्हणाली, "माझ्या डब्यांवर राग काढून तिचा अर्ज मंजूर होणार असेल तर काढा. नाहीतर जा कुठे जायचं तिथे."

धसईची ती मुलगी रविवारी आईकडे असते हे मला माहीत होतं. मुरबाडला गाडी बदलून धसईला गेलो. तिची आई ओटीवर भेंडी निवडत बसली होती, सरळ एका क्रेटमध्ये, वाकडी दुसऱ्यात.

"कोन पायजे?" तिने मान वर न करता विचारलं. मग वर पाहिलं. "तुमी सर ना? वळखलंच नाय. बसा. भेंडीला हात नका लावू, खाज उठंल. तुमाला सवय नाय."

मी बसलो.

"बरं झालं आलात. मला इचारायचंच व्हतं. तुमच्या चांदण्या लांब का जवळ, आमाला काय त्याचं? पन माज्या पोरीनं कामात कसूर केली असं पुस्तकात छापलंय म्हनं. खरं का?"

"छापलंय. पण ते खोटं आहे."

"पुस्तकात खोटं?" तिने हातातली भेंडी खाली ठेवली. "सर, माजा सासरा बौद्ध झाला तवा त्यानं घरातले देव पान्यात सोडले नि पोरं शाळंत घातली. म्हनला, आता हितून पुढं पुस्तकात असंल ते खरं. आमी तसंच धरून चाललो. आता पोरीला काय सांगू, पुस्तकात बी मानसं बघून लिवत्यात?"

आतून ती आली, ओढणीला हात पुसत. चष्मा लागलाय, कानाजवळ पांढरं दिसतं.

"आये, पुरे. सर, चहा घेणार ना?"

"चहा नको. मी समितीपुढे जाणार आहे."

"कशाला?"

"चूक माझी होती म्हणून सांगायला."

ती पायरीवर बसली. थोडी हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं.

"एवढंच सांगणार असाल तर नका जाऊ. तुम्ही म्हणाल चूक माझी. ते म्हणतील, बघा, सरांचं मन केवढं मोठं, मुलींची चूक अंगावर घेतली. आणखी एक शाल घालतील. आणि मी होते तिथेच."

"मग काय सांगू?"

"चूक कुणाचीही होते, सर. त्यासाठी मी कधी रागावले नाही. आमच्या वर्गातही मी चुकते. पण तुमचं उत्तर आम्हाला दिसत होतं, आणि तुम्ही सगळीकडे लिहिलंत की दोघांनी वेगवेगळं वाचलं. हे सांगा. आणि मी विचारलं होतं, हे सांगा. विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतंस."

"मग तेवढं बोला. जास्त बोलू नका, तुम्हाला सवय आहे."

तिची आई भेंडीवर वाकून खुदकन हसली.

समितीची बैठक मी मागून घेतली. अध्यक्ष उठून पाया पडले. खुर्ची ओढून दिली, एसी कमी करायला सांगितला. मी सांगायला सुरुवात केली तशी त्यांचा चेहरा अवघडत गेला.

"सर, आता कशाला उकरून काढता? इतकी वर्षं झाली."

"तुम्ही छापलंत म्हणून. मी उकरलं नाही, तुम्ही पुरलेलं बाहेर काढून रंगीत कागदावर लावलंत."

"पण त्या वाक्यात तुमचं नाव आम्ही मुद्दाम कुठे येऊ दिलं नाही. तुमच्याबद्दल आदर आहे, म्हणूनच ना?"

माझ्या रागाचा पारा कुठे चढला असेल तर तो इथे. ह्या आदराने त्या मुलींच्या बोटांना 'मान्य' दाबायला लावलं होतं, आणि आता तोच आदर माझं नाव पुसून तिचं ठेवायला तयार होता. आणि पाया पडून! मी म्हणालो, "तुमचा आदर तुमच्याजवळ ठेवा. पहिला वाचक मी होतो. दुसऱ्या वाचकाला माझं उत्तर दिसत होतं. नियम मी मोडला आणि अहवालात पाळला म्हणून लिहिलं. आणि ज्या मुलीला तुम्ही निष्काळजी म्हणता तिने ह्याच जोडीचे पट जुळत नाहीत म्हणून मला दाखवलं होतं. मी तिला गप्प केलं."

मग पलीकडून एक जण म्हणाले, "सर, तुमचं मन खरंच फार मोठं आहे."

शपथेवर सांगतो, हेच शब्द. मी टेबलावर हात आपटला, चष्म्याची काडी निखळली. "मन मोठं नाही! ऐकायला येतं का तुम्हाला? मी जे घडलं ते सांगतोय. विश्वास नसेल तर वर्णपट उघडा. आता, इथे. माझी मूळ उत्तरं साठवणीत आहेत, तिच्या सहीच्या खालच्या थरात. काढा आणि पट मोजा. नाही काढलेत तर सर्वेक्षणाच्या परदेशातल्या भागीदारांना मी स्वतः कळवतो."

वर्णपट त्यांनी उघडले नाहीत. आपसात कुजबुजले, मला बाहेर सोफ्यावर बसवलं, बिस्किटं आणून दिली, मग आत बोलावलं. शहापूरच्या कॉलेजला काही महिने काम देऊन बघू, असं ठरलं. सदिच्छा म्हणून.

"आणि वाक्य?"

"पुढच्या आवृत्तीत बघू, सर."

"पुढची आवृत्ती निघणार आहे?"

"तसं अजून काही ठरलं नाही."

खाली उतरून मी तिला फोन लावला. ती कॉलेजच्या पटांगणात असावी, मागे मुलांचा गलका होता. मी सगळं सांगितलं, सदिच्छाही सांगितली. मला वाटलं ती नको म्हणेल. मी तिच्या जागी असतो तर म्हटलं असतं, आणि त्या नकारावर पुढे भाषणं ठोकली असती.

"काम घेणार," ती म्हणाली. "सदिच्छा त्यांची त्यांना ठेवू दे. आमच्या मुलींना वर्णपट पाहिजेत. आणि सर, तुम्ही नुसते घरी बसून चिडत असाल तर इकडे या. वाचायला हात कमी आहेत. पण आमच्याकडे नियम वेगळा आहे."

तिचा नियम असा. कुणाचं उत्तर कुणाला दिसत नाही, ही झाली पहिली गोष्ट. आणि दोघींची उत्तरं जुळली नाहीत की सगळ्या एका पडद्याभोवती जमतात आणि सर्वांत लहान मुलीने आधी बोलायचं. मग तिच्याहून मोठीने. बाई स्वतः सर्वांत शेवटी. लहानीचं बोलून होईपर्यंत मोठ्यांनी हुं सुद्धा करायचं नाही. माझ्या वयामुळे माझी पाळी बाईंच्याही नंतर येते, तोवर बहुधा निकाल लागलेला असतो. नवं सर्वेक्षण प्रचंड आहे. यंत्र आता पूर्वीपेक्षा पुष्कळ हुशार झालंय, पण त्याला शिकवायलाही माणसांनी वाचलेली खात्रीची उत्तरं लागतात, आणि ते अडतं तेव्हा आजही शहापूरच्या ह्या खोलीत कुणी तरी पट मोजतं. भिंतीत खिळा आहे. त्याला इलास्टिक लटकतंय, टिंबं पुसट झालेलं. ते तिने मुरबाडहून कधी नेलं मला माहीत नाही.

आसनगावहून मी सहा सीटवाल्या रिक्षाने जातो. मुली मला आजोबा म्हणतात. त्यांना कुणी सांगितलं नाही की हे मोठे सर आहेत, आणि बाईंनी ते न सांगितल्याबद्दल मी मनातून आभारी आहे.

मागच्या आठवड्यात नव्या मुलींचं शिकणं चालू होतं. बाईंनी सरावाला एक जुना गठ्ठा उघडून दिला. खाली उत्तरंही होती, ती तपासायची होती. पहिला वर्णपट पडद्यावर आला आणि मी तो लगेच ओळखला. जांभळ्या टोकाची खरखर, तिच्यात बुडालेला रुंद उंचवटा, आणि उजवीकडे दुसरा. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, माझ्याकडे पाहत नव्हत्या.

सर्वांत लहान मुलगी किन्हवलीकडची, दोन वेण्या, बोलायची सतत घाई. तिने पट काढले आणि कपाळाला हात लावला.

"ए, हे काय गो? दोन्ही कार्बन? पट तर जुळतच नाय! डावीकडचा हायड्रोजन हाय सरळ सरळ. हे वाचलंय कोणी?"

सगळ्या हसल्या. तिच्यानंतरची बोलली, तीही हायड्रोजन म्हणाली. बाईंची पाळी आली तेव्हा त्या नुसत्या म्हणाल्या, "आजोबा सांगतील."

"मी वाचलंय," मी म्हणालो.

मुलीने जीभ चावली. पण नियम तिच्या अंगात मुरलेला होता, त्यामुळे ती गप्प बसली नाही. "मग दुसरं कोणी बघितलं नव्हतं का?"

"बघितलं होतं," मी म्हणालो आणि खिडकीकडे बोट केलं. "ह्या तुमच्या बाईंनी. आणि चुकलंय म्हणून मला सांगितलंही होतं, तेव्हाच."